कान घरी ठेवून केलेली खरेदी

व्हॉइस रेकॉर्डर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "किती तास रेकॉर्ड होतं?" दुसरा, "फोनपेक्षा वेगळं काय?" आणि तिसरा अर्थातच, "शेवटचे किती?" "आवाज कसा येतो, जरा ऐकवा" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. आवाज टिपायचं यंत्र घ्यायचं आणि आवाज सोडून सगळ्याची चौकशी करायची, हा आपला खाक्या.

खोक्यावर 'हजार तास' छापलेलं दिसलं की माणूस खूश. अहो, भागाकार करा की! 4 जीबीत हजार तास कोंबायचे तर सेकंदाला जेमतेम 9 किलोबिट वाट्याला येतात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला 1411 लागतात. इतकं पिळल्यावर वरच्या पट्टीतला आवाज आधी जातो, आणि 'स'-'श'मधला फरक नेमका तिथेच असतो. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च यांतलाही. अशा फाइली घेऊन लोक बोलींवर प्रबंध लिहितात आणि मार्गदर्शक सह्या करतात.

याच्या उलट टोकाला तांत्रिक पंडित असतात. त्यांना 96 किलोहर्ट्झ, 24 बिट याखाली काही चालत नाही. अलीकडे 32 बिट फ्लोट. आजोबांच्या फाळणीच्या आठवणी 96 किलोहर्ट्झवर! माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर त्याहून बराच कमी, आणि 48च्या नमुनादरात 24पर्यंतचं सगळं मावतं. मग ही दुप्पट जागा खायला घालता कोणाला? बरं, एवढं महागडं यंत्र ठेवायचं कुठे, तर टीपॉयवर, आजोबांपासून दोन हात लांब आणि पंख्याच्या बरोब्बर खाली. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनी उतरतो. एका वितेवरचा माइक आठ वितांवर नेलात की 18 डेसिबल गेले. आजोबा गेले, पंखा राहिला. 32 बिट फ्लोट लेव्हल चुकली तर वाचवतं, पण पंखा आणि आजोबा वेगळे करून देत नाही. ते काम फक्त माइक जवळ नेऊनच होतं. कॉलरला लावायचा वायरवाला माइक स्वस्तात मिळतो, पण स्वस्त म्हणूनच त्याला भाव नाही.

माझा खरा राग मात्र 'ऑटो'वर आहे. सगळं आपोआप होणार म्हणजे आपण कष्ट घ्यायला नकोत, ही कल्पना आपल्याला फार गोड वाटते. ऑटो लेव्हल करतं काय? बोलणारा थांबला की यंत्राला वाटतं आवाज बारीक झाला, आणि ते लेव्हल चढवतं. मग पंखा, फ्रीज, रस्त्यावरची रिक्षा, सगळे हळूहळू फुगत वर येतात. माणूस पुन्हा बोलला की एकदम दबतात. तासभर ही भरती-ओहोटी ऐकून पाहा. म्हातारं माणूस बोलताना ज्या ठिकाणी थांबतं तिथेच बरंचसं सांगत असतं; तिथे तुमचं यंत्र रिक्षा भरून ठेवतं. त्याहून वाईट ते आवाज आला की आपोआप सुरू होणारं बटण. थांबल्यावर रेकॉर्डिंग बंद, बोलल्यावर चालू. या सुरू होण्यात पहिलं अक्षर कापलं जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्या ओवीत जात्याची घरघर आहे, मधला श्वास आहे, दुसरीने ओळ उचलण्याआधीची फट आहे. हे बटण दाबून ओवी टिपायला जाणाऱ्याच्या हातून यंत्र काढून घ्यावं.

संस्थांची तर गंमतच. तीन दरपत्रकं मागवायची, सगळ्यात खालचं उचलायचं, फाइल बंद. फाइल कोणत्या साच्यात साठते हे विचारायचं कोणालाच सुचत नाही. सोनीच्या जुन्या यंत्रांतल्या एमएसव्ही फाइलींना सोनीचंच सॉफ्टवेअर लागे. डीएसएस हा साचा तर ऑलिंपस, फिलिप्स आणि ग्रुंडिग यांनी मिळून कचेऱ्यांमधल्या डिक्टेशनसाठी काढला. त्यात कोणी लोकगीतं साठवली असतील तर आता बसा कन्व्हर्टर शोधत. साधी डब्ल्यूएव्ही फाइल कुठल्याही संगणकावर उघडते. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टिरिओला तासाला साधारण 635 एमबी लागतात. 32 जीबीच्या कार्डात पन्नासच्या आसपास तास मावतात. एवढं बोलणारा माणूस तुम्हाला सापडलाय का, ते आधी बघा.

पत्रकाराला समोरासमोरच्या दोन वाक्यांसाठी फोन पुरतो. विमान मोडवर टाका म्हणजे झालं. ज्याला आवाज जपायचाय त्याने लेव्हल हाताने लावता येते का, हेडफोनचं भोक आहे का, कार्ड निघतं का, साधे सेल चालतात का, एवढं पाहावं. झूम एच1एन किंवा टॅस्कॅम डीआर-05एक्समध्ये हे सगळं आहे. दोन्ही हातात धरून फिरवलीत तर बोटांची खसखसही इमानदारीत टिपतील, तेव्हा टेकवून ठेवा.

आणि दुकानात जाताना हेडफोन घेऊन जा. पंखा चालू ठेवायला सांगा, हाताने लेव्हल लावा, मिनिटभर गप्प बसून रेकॉर्ड करा आणि ऐका. नुसतं खरखरत असेल तर दुसरं दाखवायला सांगा. दुकानदार खोकं उघडायला नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.