सैन्य म्हणायचं नाही!

‘शिन गॉडझिला’ पाहिलाय का तुम्ही? २०१६चा जपानी सिनेमा. अगडबंब प्राणी टोकियोत घुसलेला, लष्करी हेलिकॉप्टर बरोब्बर त्याच्यासमोर, आणि गोळीबाराची परवानगी मागणारा निरोप एकेक पायरी चढत थेट पंतप्रधानांपर्यंत जातो. तेवढ्यात जीव वाचवून पळणारी माणसं दिसतात आणि हल्ला रद्द! आपल्याला हसू येतं, पण हा विनोद जपानच्या राज्यघटनेतून आलाय.

१९४७ साली लागू झालेल्या या घटनेचं कलम ९ सांगतं, युद्धाचा मार्ग आम्ही कायमचा सोडलाय, भूदल-नौदल-हवाईदल ठेवणार नाही. आणि गंमत बघा. १९५० मध्ये शेजारच्या कोरियात युद्ध पेटलं, जपानमधलं अमेरिकी सैन्य तिकडे गेलं आणि ज्या अमेरिकेच्या देखरेखीखाली ही घटना आली, तिनेच ७५ हजारांचं राखीव पोलीस दल उभं करायला लावलं. १ जुलै १९५४ला त्यातूनच ‘जिएइताई’, म्हणजे स्वसंरक्षण दल आलं. जमीन, समुद्र, हवा अशा तीन शाखा, सर्वोच्च अधिकार पंतप्रधानांकडे. संरक्षणाला पूर्ण मंत्रालयाचा दर्जा मात्र २००७ मध्ये मिळाला.

शब्दांची कसरत तर विचारूच नका. सुरुवातीला रणगाड्याला ‘विशेष वाहन’ म्हणायचे! ‘इझुमो’ ही २४८ मीटर लांबीची, सपाट डेकची युद्धनौका कागदोपत्री ‘विनाशिका’ आहे. तिच्यावर एफ-३५बी लढाऊ विमानं उतरावीत म्हणून बदल चाललेत. विमानवाहू नौका म्हणायचं नाही, बस्स.

या दलाची भूमिका हळूहळू सरकत गेली. १९९२ मध्ये कायदा करून कंबोडियात शांतिसेनेसोबत, २००४ मध्ये इराकमध्ये पुनर्बांधणीसाठी. तिथे जपानी तुकडीच्या आसपासच्या भागाची सुरक्षा डच सैनिक बघत होते. २०११च्या भूकंप-त्सुनामीत एक लाख जवान मदतीला उतरले. माझ्या मते, दलाबद्दल खरी आपुलकी वाढली ती तेव्हा. २०१५ मध्ये मित्रदेशावर हल्ला झाला तर ठरावीक परिस्थितीत लढता येईल असा कायदा आला, तेव्हा कॉलेजची मुलं संसदेबाहेर ड्रम वाजवत घोषणा देत होती.

डिसेंबर २०२२ मध्ये सगळ्यात मोठं वळण आलं. युक्रेन पेटलेलं, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं, तैवानभोवती चीन. जपानचं योनागुनी बेट तैवानपासून जेमतेम ११० किलोमीटरवर. सरकारने पाच वर्षांसाठी ४३ लाख कोटी येन आणि शत्रूच्या तळावर उलट मारा करण्याची क्षमता, दोन्हीला मंजुरी दिली. मार्च २०२५ मध्ये तिन्ही शाखांसाठी एकच संयुक्त मुख्यालयही आलं.

पैसा आहे, टॉमाहॉक येतायत. माणसं? आपल्याकडे भरतीच्या मैदानावर पहाटेपासून रांगा, तिकडे सक्ती नाही, जन्मदर घसरलेला आणि कंपन्या पदवीधरांच्या मागे. २०२३-२४ मध्ये भरतीचं लक्ष्य जेमतेम निम्मं गाठलं गेलं. दलातल्या लैंगिक छळाची प्रकरणं उघड झाल्यावर मुली तरी कशा येतील? नव्या भरतीची वयोमर्यादा २६ची ३२ झाली, तीही २०१८ मध्येच. २०१५ला ड्रम वाजवणारी मुलंही आता त्याच वयाच्या आसपास आहेत.