कुत्र्यांचे मैदान आणि सार्वजनिक जमीन

महानगरात कुत्र्याला मोकळे धावू देता येईल असे चांगले मैदान कोठे मिळेल, हा प्रश्न सुखवस्तूंचा म्हणून हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः तो जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आहे. ज्याच्या बंगल्याला अंगण आहे, त्याला मैदान शोधावे लागत नाही. एका खोलीत राहणाऱ्या कामगाराला ते शोधावेच लागते.

न्यूयॉर्कचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. रस्त्यावरील कुत्र्याची विष्ठा मालकानेच उचलावी, असा कायदा तेथे १९७८ साली लागू झाला. १९९० साली टॉम्पकिन्स स्क्वेअर उद्यानात कुत्र्यांसाठी कुंपण घातलेले सार्वजनिक आवार खुले झाले. परंतु प्रत्येक वस्तीत अशा आवारासाठी जमीन आणायची कोठून? तोडगा निघाला तो वेळेच्या वाटपाचा. प्रॉस्पेक्ट पार्कसारख्या उद्यानांच्या ठरावीक भागांत सकाळी नऊपूर्वी व रात्री नऊनंतर कुत्री मोकळी सोडता येतात. परवाना व रेबीजची लस मात्र आवश्यक. एरवी तीच हिरवळ मुलाबाळांची व वृद्धांची असते.

मुंबईत नव्या निवासी संकुलांच्या जाहिरातींतून ‘पेट पार्क’ मिरवू लागले आहे. कुंपणाबाहेरच्या माणसाला तेथे प्रवेश नाही, मग त्याच्या कुत्र्याची काय कथा! कुंपण, पाणी, सावली, स्वच्छता ही चांगल्या मैदानाची लक्षणे खरीच; परंतु ते सर्वांस विनामूल्य खुले असणे, ही पहिली कसोटी होय. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी महापालिकेपुढे मागणी मांडावी ती हीच.