वायू, विभाग आणि मोजमाप

चरकसंहितेच्या शारीरस्थानात परमाणूंच्या संयोग-विभागाचे कारण वायू व कर्मस्वभाव असे सांगितले आहे. त्या आधारे पेशीविभाजनातील विद्युत्बल म्हणजेच वात, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्या व्यवसायबंधूंना होतो. आमच्या मते तो आवरणेच श्रेयस्कर.

पेशी विभागताना तर्कुतंतू गुणसूत्रांना दोन ध्रुवांकडे ओढतात. पेशीद्रवाचा विरोध मोडण्यापुरते बल गणिताने सुमारे ०.१ पिकोन्यूटन निघते. १९८३ मध्ये निकलस यांनी नाकतोड्याच्या पेशीत काचेच्या सूक्ष्म सुईने गुणसूत्र अडवून पाहिले. तेव्हा ते थांबविण्यास सुमारे ७०० पिकोन्यूटन बल लागले. गणित चुकले नव्हते. तंतूंचे खरे सामर्थ्य मात्र मोजल्यावाचून कळले नसते. २००२ मध्ये गॅग्लियार्डी यांनी याच गतीमागे स्थिरविद्युत् बल असल्याचे प्रतिरूप मांडले. ते सर्वमान्य झालेले नाही. परंतु त्यात आकडे आहेत, म्हणून ते तपासता येते. वाताशी जोडलेल्या समीकरणात असा एकही आकडा नाही.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वातशमनाने पेशीविभाजन आटोक्यात येते, असे औषधाच्या पत्रकावर छापले की रुग्ण त्याचा अर्थ कर्करोगावरील उपाय असाच घेतो. कर्करोगावरील औषधाच्या जाहिरातीस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक अधिनियमाने मनाई आहे. त्याहून गंभीर म्हणजे, अशा रुग्णाचा बहुमोल काळ वाया जातो.

वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी शास्त्रवचन आदराने वाचावे. परंतु प्रयोगाने न पडताळलेला दावा वेष्टनावर छापू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.