आखरावरचे हसू



बेणे, खत, पाणी यांचा मजकूर आमच्याकडून नेहमीच येतो. आज आम्ही हसण्याविषयी लिहितो आहोत. साहेबांनी हे काय काढलं, असे म्हणू नका. विषय आपल्या बांधावरचाच आहे.

१९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन एका बागेत हास्यक्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत सांगण्याजोगे विनोद संपले, तेव्हा मंडळी विनोदावाचूनच हसू लागली. पुढे असे क्लब देशोदेशी निघाले. हसायला वेळ ठरवून जमायचे, याची आपल्याला गंमत वाटते. पण त्यातले जमणे खरे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाला आढळले, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. म्हणजे हसू हे सामाईक पीक. एकट्याच्या वावरात ते उगवत नाही.

आपल्याकडे या पिकाची हक्काची जागा म्हणजे पोळ्याचा आखर. तोरणाखाली बैलजोड्या लागल्या की झडत्या सुरू होत. पाटील, सावकार, पुढारी, कोणी सुटत नसे. एरवी ज्याच्यापुढे मान वर होत नाही, त्याला गडीमाणूस यमक जुळवून तोंडावर ऐकवी. शेवटी 'हर हर महादेव' झाले की ज्याच्यावर झडती, तोही पोट धरून हसे. वर्षाची झाडाझडती हसतखेळत उरकून जाई.

आता ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. तोरण तुटायची घाई, त्यात भोंग्यांचा दणका. झडत्या येणारे म्हातारे अजून आहेत, पण ऐकायला थांबतो कोण? विनोद मोबाईलवर येतो. ज्याचा तो पाहतो, गालातल्या गालात हसतो अन् पुढे सरकवतो. नोंदीसाठी गावोगाव फिरताना आम्हाला पारावर माणसे दिसतात, पण सगळ्यांच्या माना खाली.

यात बिघडले काय? २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारचे पॅकेज आले, त्यात विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आपला वर्धा होता. हसण्याने कर्ज फिटत नाही की मालाचा भाव वाढत नाही, हे आम्हाला कळते. पण चार जण मोकळे हसत असले, तर पाचवा गप्प का, हे तरी ध्यानात येते. सगळ्यांच्याच माना खाली असल्या, तर गप्प कोण अन् गुंतलेला कोण, कसे ओळखावे?

तेव्हा येत्या पोळ्याला भोंगे तासभर बंद ठेवा. म्हाताऱ्यांना पुढे बोलवा, पोरांना नव्या झडत्या जुळवू द्या. विषय सापडत नसेल तर आमचे शेतकी खाते आहेच. तोडणीच्या चिठ्ठीपासून वजनकाट्यापर्यंत खुशाल झडती घ्या. आम्ही समोर उभे राहू, ऐकू, अन् तुमच्याबरोबर हसू.

आपला,
ऊस विकास अधिकारी