मॅग व्हीलला ॲसिड लावू नका

‘ॲसिड मारल्याशिवाय ह्यां जावचां नाय.’ मालवण असो, कट्टा असो की कुडाळ, वॉशिंग सेंटरवर चाकाचा काळा थर दाखवला की हेच ऐकू येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. बाटलीतलं ॲसिड ब्रशनं फासलं, फेस उठला आणि दोन मिनिटांत चाक लखलखलं, हे त्यानं रोज पाहिलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-देवबागची भाडी मारणाऱ्याला दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो. त्याला झटपट उपाय हवाच असतो. हे म्हणणं मी हलकं मानत नाही. तरीही ते चुकीचं आहे, आणि समुद्राकाठच्या गावात तर दुप्पट चुकीचं.

हे चाक असतं कशाचं, ते आधी पाहू. आपण त्याला मॅग व्हील म्हणतो, कारण एके काळी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असत. आजचं चाक ॲल्युमिनियमचं. बहुधा सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून ओतलेलं. पण हे ॲल्युमिनियम आपल्या बोटांना सहसा लागतच नाही. बोटांना लागतो तो रंग आणि त्यावरचा पारदर्शक लॅकर, साधारण कागदाइतका पातळ. डायमंड कट म्हणून जी चमकदार चाकं मिळतात, त्यांच्या तासलेल्या भागावर तर रंगही नसतो, नुसता लॅकर. आपण धातू घासतोय असं समजून माणूस लॅकर घासतो, आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

आता तो काळा थर. कोल्हापूरहून गाडी करूळ, फोंडा किंवा आंबोली घाटानं खाली उतरते तेव्हा ब्रेकच्या बिडाच्या डिस्कचा आणि पॅडचा बारीक चुरा उडत असतो. हे लोखंडाचे कण तापलेले असतात, ते लॅकरवर बसतात, त्यात रुततात, मग गंजतात आणि गंजताना फुगून आणखी घट्ट धरतात. म्हणूनच पुढची चाकं जास्त काळी दिसतात. ब्रेकचा मोठा भार पुढे पडतो आणि मागे बऱ्याच गाड्यांना ड्रम असल्यामुळे चुरा आतच राहतो. त्यावर आमच्याकडच्या चिरेखाणींच्या वाटांची तांबडी धूळ, नव्या रस्त्याचं डांबर आणि खारा वारा. हा एक मळ नव्हे, चार निरनिराळे मळ एकावर एक बसलेले आहेत. चौघांना एकच औषध लावायचं ठरवलं, की ते औषध सर्वांत जहाल निवडावं लागतं. ॲसिडवाल्यांच्या युक्तिवादाचं मूळ इथे आहे.

ॲसिड गंजलेलं लोखंड विरघळवतं, हे खरं. पण ते तिथेच थांबत नाही. खडी लागून लॅकरला एखादी चीर पडलेली असते, व्हॉल्व्हच्या भोकाशी किंवा नटांच्या जागी लॅकर उडालेला असतो. तिथून ॲसिड आत शिरतं. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचं नैसर्गिक कवच असतं, आणि हे कवच साधारण ४ ते ८.५ पीएच एवढ्याच पट्ट्यात टिकतं. त्याच्या खाली ॲसिड ते खातं, त्याच्या वर कॉस्टिक सोडा खातो. शिवाय बाथरूमच्या ॲसिडात जे क्लोराइड, तेच मिठात. ज्या क्लोराइडपासून चाक वाचवायचं, तेच आपण ब्रशनं चिरेत भरतो.

माझ्या गाडीची पुढची दोन चाकं एकदा अशीच एका वॉशिंग सेंटरवर उजळून आली होती. आनंद एक पावसाळाभर टिकला. नंतर लॅकरखाली पांढऱ्या बारीक रेघा दिसू लागल्या, लाकडात कीड फिरावी तशा नागमोडी. बोट फिरवलं तर वर गुळगुळीत, सगळं आत. तोवर मीही ॲसिडचाच पक्ष घेत होतो.

आणि चाकापेक्षाही मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ते ॲसिड फासणारा मुलगा उघड्या हातांनी, पायात स्लिपर घालून, चाकासमोर उकिडवा बसून तोंडाजवळ वाफा घेत असतो. काही व्हील क्लीनरांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा ते तयार करणारे क्षार असतात. सौम्य प्रमाणातलं हे ॲसिड लागल्यावर लगेच आग होत नाही, वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधू लागलेलं असतं. बाटलीवर हे नाव दिसलं तर ती परत करा. धुतलेलं पाणी जातं कुठे, तेही पाहा. आपला जांभा सच्छिद्र दगड. अंगणात सांडलेलं पाणी विहिरीपर्यंत पोचायला इथे फार वेळ लागत नाही.

दुसरा पक्ष घरगुती उपायवाल्यांचा. चिंच, आमसूल, लिंबू, राख आणि नारळाचं सोडण. या वस्तूंनी आपल्या आयांनी तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या लखलखीत ठेवली, तेव्हा चाकाला त्या अपाय कशा करतील? प्रश्न रास्त आहे, उत्तरही सोपं आहे. तांब्याच्या कळशीवर लॅकर नसतो. तिथे आंबटानं काळा थर विरघळतो, राखेनं घासलेलं तांबं उघडं पडतं आणि तेच आपल्याला हवं असतं. चाकावर हेच केलं की राख आणि सोडण लॅकरवर ओरखडे काढतात, पुढचा मळ त्या ओरखड्यांत बसतो आणि पुढच्या वेळी आणखी जोर लावावा लागतो. तारेच्या काथ्यानं तर हे एका दिवसात होतं. काही ठिकाणी चमक यावी म्हणून डिझेल फवारतात. तो तेलकटपणा टायरच्या रबराला घातक, आणि ब्रेकच्या डिस्कवर गेला तर घाटात जिवावर बेतेल.

तिसरा पक्ष मला जास्त खटकतो, कारण तो हात टेकतो. ‘खाऱ्या वाऱ्याक काय उपाय आसा?’ उपाय मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रोज दिसतो. मच्छीमार समुद्रातून आला की होडीचं मशीन गोड्या पाण्यानं धुतो. ते खाऱ्या वाऱ्यातच काय, खाऱ्या पाण्यातच चालतं, तरी वर्षानुवर्षं टिकतं. जूनमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटतं हे कुठल्याही घरात ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपोआप ओलं होतं. मालवणात ती पातळी सहज ओलांडली जाते. म्हणजे चाकावर बसलेलं मीठ कोरडं पडून राहत नाही, ते सतत ओलं राहून काम करत असतं. पण मीठ पाण्यात विरघळतं, त्याला घासावंही लागत नाही. वारा थांबवता येत नसला तरी मीठ धुता येतं.

मग करायचं काय? चाक निवू द्यायचं, हाताला गार लागेपर्यंत. तापलेल्या चाकावर साबण वाळून डाग धरतो. नंतर भरपूर गोडं पाणी, वरून खाली, आतल्या बाजूलाही. देवबागेत मे महिन्यात काही विहिरींचं पाणी मचूळ होतं; ते वापरलं तर धुणं वाया जातं, तेव्हा शेवटची बादली तरी गोड्या पाण्याची हवी. मग गाडीचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश आणि चाकासाठी वेगळं फडकं. बॉनेटला ते लागता कामा नये, त्यात लोखंडाचा चुरा असतो. डांबराच्या ठिपक्यांना खोबरेल लावून दहा मिनिटं थांबायचं. फणसाचा चीक तेलानंच सुटतो, डांबराचंही तसंच. फक्त तेल डिस्ककडे जाऊ द्यायचं नाही आणि नंतर शाम्पूनं काढून टाकायचं.

एवढं करून जे तपकिरी ठिपके उरतात ते रुतलेलं लोखंड. त्यासाठी ॲसिड नसलेला, उदासीन पीएचचा आयर्न रिमूव्हर मिळतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं आणि पाणी जांभळं होतं. वास उग्र असतो, हातमोजे हवेत, आणि वाळण्याआधी धुवायचं. जांभळा ओघळ दिसला की कळतं, औषध फक्त लोखंडाशी बोलतंय. शेवटी फडक्यानं कोरडं करायचं, नटांची भोकं विसरायची नाहीत, आणि पावसाळ्याआधी वॅक्सचा एक हात.

भाडं मारणाऱ्या गाडीवाल्याकडे मी पुन्हा येतो. त्याला एवढा वेळ नाही, हे मान्य. पण हा सगळा खटाटोप महिन्यांच्या साठलेल्या थरासाठी आहे. रोज रात्री गाडी लावल्यावर चाकं निवली की चारही चाकांवर गोडं पाणी आणि आठवड्यातून एकदा शाम्पू, एवढ्यानं लोखंडाला रुतून गंजायला सवड मिळत नाही.

ज्यांच्या चाकात पांढऱ्या रेघा आधीच शिरल्या आहेत, त्यांनी मात्र कुठलीही बाटली विकत घेऊ नये. ती कीड लॅकरच्या आत आहे, धुण्यानं जाणार नाही. लॅकर उतरवून, धातू साफ करून पुन्हा पावडर कोटिंग करावं लागतं. डायमंड कट चाक पुन्हा तासावं लागतं, आणि दर वेळी थोडा धातू जात असल्यामुळे ते मोजक्या वेळाच करता येतं. माझी पुढची दोन चाकं मी तशी करून घेतली. मागच्या चाकांना ते ॲसिड लागलंच नव्हतं. ती आजही मूळ लॅकरवर आहेत, आणि गाडी तीच, अंगण तेच, वाराही तोच.