धागा : ‘ऐच्छिक’ या शब्दाचा इतिहास

गेल्या काही महिन्यांत पुण्याच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या वयाच्या मुलामुलींकडून एकच वाक्य वारंवार ऐकू येते : ‘काढलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं.’ सोबत दोन-तीन महिन्यांचा पगार मिळतो आणि एका कागदावर सही घेतली जाते. यापुढे कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा राहणार नाही, असे त्या कागदावर लिहिलेले असते. अनेकांना ही नव्या जमान्याची युक्ती वाटते. ती तशी नाही. या कागदाला निदान चार दशकांचा इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्रात प्रामुख्याने कापसाच्या धाग्यावर लिहिला गेला आहे.

मी मानवतचा. आमच्या गावाची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. सरकी वेगळी करणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेसिंग आमच्याकडे होते. कापड विणणे मात्र इतरत्र. मराठवाड्याचा कापूस रेल्वेने बाहेर जाई. जवळची मोठी गिरणी म्हणजे नांदेडची उस्मानशाही मिल, नावाप्रमाणेच सातव्या निजामाच्या काळातली. १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने ती सरकारी झाली, आणि पुढे तिचाही भोंगा बंद पडला. पण या विषयाचे केंद्र निःसंशय मुंबईचे गिरणगाव आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, हे आपण सर्व जाणतो. संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या, फारसे न सांगितल्या जाणाऱ्या काळाविषयी, ज्यात कामगारांनी एकेकट्याने जाऊन ‘हिशेब घेतला’. गिरणगावातला हा शब्दप्रयोग किती अचूक आहे पाहा. व्यवस्थापनाच्या कागदावर ‘ऐच्छिक सेवानिवृत्ती’ होती. कामगाराच्या तोंडी ‘हिशेब’ होता. इच्छेचा उल्लेख एकाच बाजूच्या भाषेत सापडतो.

हा ‘ऐच्छिक’ शब्द आला कुठून? याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, त्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातच नव्हे, तर कायमची बंदी करायची असेल, तरीही सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. (कामगारांच्या संपाच्या अधिकारावर वरवंटा फिरत असताना हे संरक्षण मिळावे, हा आणीबाणीच्या इतिहासातला एक विलक्षण विरोधाभास. त्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.) १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली. आता मालकापुढे पेच उभा राहिला. माणसे कमी करायची आहेत, पण परवानगी मिळणे कठीण. त्याच कायद्यात कामगारकपातीची जी व्याख्या होती, तिच्यातून एक गोष्ट स्पष्टपणे वगळलेली होती : कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती.

सारा खेळ या वगळलेल्या तीन-चार शब्दांत आहे. कामगाराला काढले तर सरकारची परवानगी हवी. तो स्वतःहून गेला तर कोणाचीच नको. म्हणून त्याने स्वतःहून जावे, अशी परिस्थिती निर्माण करणे किफायतशीर ठरले. साचे बंद, पगार थकलेले, खात्यात काम नाही, आणि फाटकाजवळच्या टेबलावर अर्ज ठेवलेले. कायद्याने संमती आवश्यक केली, तेव्हा बाजाराने संमती विकत घ्यायला सुरुवात केली, असे माझे मत आहे.

मुंबईत यात आणखी एक गाठ होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार त्या उद्योगातील प्रातिनिधिक संघटना एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वाटाघाटींचा अधिकार तिचा. संप ज्या मान्यताप्राप्त संघटनेच्या विरोधातही होता, तिच्याच सहीने पुढे बहुसंख्य करार झाले. एखाद्या जॉबरला वा बदली कामगाराला अर्जातल्या अटींवर घासाघीस करण्याची जागाच नव्हती. अर्ज भरावा किंवा भरू नये, एवढेच त्याच्या हाती होते.

आता रकमेविषयी, कारण टीका करताना आकड्यांना बगल देणे अप्रामाणिक ठरेल. कामगारकपातीची कायदेशीर भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांसाठी १९८८ मध्ये आखलेल्या योजनेत पंचेचाळीस दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवेचे वेतन, यांपैकी कमी असेल ते. पुढे आलेल्या तथाकथित ‘गुजरात पद्धती’त झालेल्या प्रत्येक वर्षामागे पस्तीस दिवस आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंचवीस दिवस. समजा, एखाद्याची वीस वर्षे सेवा झाली आहे आणि पंधरा उरली आहेत. कपातीत त्याला ३०० दिवसांचे वेतन मिळेल. गुजरात पद्धतीने ७०० अधिक ३७५, म्हणजे १,०७५ दिवसांचे. फरक लहान नाही. बंद पडलेल्या गिरणीच्या दारात वर्षानुवर्षे बसण्यापेक्षा ही रक्कम घेऊन गावी गेलेल्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. मात्र पंधरा वर्षांची नोकरी सोडताना हाती येतात ते तीन-साडेतीन वर्षांचे पैसे, हेही त्याच हिशेबातून दिसते.

परंतु कागदाचा खरा आशय रकमेत नाही, दावा सोडण्याच्या कलमात आहे. २००३ मध्ये खत महामंडळांच्या कर्मचाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सुधारित वेतनाची मागणी केली. ए. के. बिंदल प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, ही रक्कम कामाचा मोबदला नसून नोकरी आणि तिच्यासोबतचे सारे दावे सोडण्याचा मोबदला आहे. ती घेतल्यावर मालक-नोकर हे नातेच संपते. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २००२ मध्ये, बँकांच्या स्वेच्छानिवृत्तीच्या स्वर्णकार प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने म्हटले होते की, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव आहे आणि बँकेने तो स्वीकारेपर्यंत तो मागे घेता येतो. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर निष्कर्ष निघतो : स्वीकृतीपूर्वी दार उघडे, पैसे उचलल्यावर बंद. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी हे स्वतंत्र कायद्यांनी दिलेले हक्क असल्याने ते या सौद्याच्या बाहेरचे आहेत. कोणी त्यांनाच ‘पॅकेज’ म्हणून दाखवत असेल तर सावध व्हावे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याला वयाधारित भेदभावाचे दावे सोडण्यापूर्वी विचारासाठी एकवीस दिवस, सामूहिक योजनेत पंचेचाळीस दिवस, आणि सहीनंतरही माघारीसाठी सात दिवस द्यावे लागतात. आपल्याकडे असा सर्वांना लागू होणारा नियम नाही. आज संध्याकाळपर्यंत सही करा, असे एखाद्या चोवीस वर्षांच्या मुलीला सांगितले जाते, तेव्हा ‘ऐच्छिक’ हा शब्द वापरणे मला भाषेचाच अपमान वाटतो.

इतिहासप्रेमींसाठी एक तुलना. १९४७-४९ मध्ये संस्थानिकांनीही सह्या करून आपले अधिकार सोडले आणि बदल्यात तनखे घेतले. राज्यघटनेच्या ३६३ व्या अनुच्छेदाने त्या करारांवरील वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. तरीही तनखे वर्षानुवर्षे मिळत राहिले आणि ते बंद करण्यासाठी १९७१ मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. साचेवाल्याला मिळाली ती एकरकमी पुंजी. मुलीचे लग्न, गावचे कर्ज आणि आजारपण यांनी ती किती दिवस पुरू दिली असेल, ते सांगायला नको.

तिकडे गिरण्यांच्या जमिनीचे मोल वाढत गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने विकलेल्या जमिनींपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जागेला ७०२ कोटी रुपये आले. हिशेब घेतलेल्यांना कायद्याच्या दृष्टीने त्यात वाटा मागण्याचे कारण उरले नव्हते. तरी त्यांनी मागितला. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या लढ्यातून गिरणीच्या जमिनीवर कामगारांच्या घरांचा हक्क मान्य झाला, आणि पात्रतेची अट ठरली ती १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असण्याची. निवृत्तीच्या कागदावर सही केली होती की नाही, हे कोणी विचारले नाही. न्यायालयात संपलेला दावा रस्त्यावर जिवंत राहिला, आणि या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ पासून सोडती निघू लागल्या. घरे मात्र फार थोड्यांना मिळाली.

आणि मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे देऊ केलेले घर नाकारणाऱ्याचा घराचा हक्कच संपेल, अशा आशयाचे एक कलम त्यात होते. त्याच्याविरोधात जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्यांत सत्तरी ओलांडलेले कामगार होते, वारस होते. या वेळी त्यांनी कागद आधी वाचला होता.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या वा वडिलांच्या निवृत्तीच्या अर्जाची प्रत असेल, तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा. अटी बहुधा मागच्या पानावर असतात. गिरणीचे नाव, तारीख आणि सहीसाठी दिलेली मुदत खाली प्रतिसादात लिहा. माणसाचे नाव लिहू नका.