सोंगाड्याचा वेळ त्याला परत द्या

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावच नव्हे, तर नगर-नाशिककडील गावांचे यात्रा कमिटीवालेही तेथे येऊन, आपापल्या ग्रामदैवताच्या यात्रेची सुपारी ठरवून आणि इसार देऊन परततात. या व्यवहारात रकमेची घासाघीस होते, नर्तकी किती, वाद्ये कोणती, गाणी कोणत्या चित्रपटांची, याचा तपशील निघतो. परंतु सोंगाड्या कोण आणि बतावणीसाठी त्याला किती अवधी मिळणार, ही विचारपूस अलीकडे क्वचितच होते. माझे स्पष्ट मत असे आहे की करारात हेच कलम प्रथम यावे, कारण तमाशाचे सर्वांत कष्टसाध्य शास्त्र सोंगाड्याच्या जिभेवर आहे, आणि ते वेळेवाचून जगू शकत नाही.

विनोद ही उपजत देणगी आहे, या समजुतीने सोंगाड्यांचे फार नुकसान केले आहे. मावळातील इंदोरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार उभा करीत तेव्हा उत्स्फूर्त वाटणाऱ्या प्रत्येक उत्तरामागे असंख्य रात्रींची मेहनत असे, आणि कवलापूरच्या काळू-बाळूंनी जुळेपणाच्या साम्यावर उभी केलेली फसगत क्षणाचाही हिशेब चुकला असता तर कोसळली असती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे नाव शासनाच्या जीवनगौरव पुरस्काराला लाभले हे उचितच झाले. परंतु अशा फडांवर गाण्याआधी प्रेक्षक हसवून ताब्यात आणून देणारे कितीतरी सोंगाडे कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नाहीत.

त्यांची कारागिरी पाहावयाची तर गवळण पाहावी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात, दाण मागतात, आणि मावशी, म्हणजे स्त्रीवेष घेतलेला पुरुष, पदर खोचून हुज्जत घालू लागते. सांगाडा शतकानुशतके तोच. पण ‘दाण कसले?’ या प्रश्नाला पेंद्या काय उत्तर देणार हे त्या गावावर, त्या रात्रीवर अवलंबून असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो मातीमोल झाला असेल तर तो भाव तेथे येईल, पुणे-नाशिक रस्त्यावरचा टोलनाका येईल, उसात दडलेला बिबट्याही येईल. उत्तर ओठांवर असतानाच सोंगाड्या किंचित थांबतो; त्या विरामात प्रेक्षक मनातल्या मनात आपले उत्तर तयार करतो, आणि नेमके त्याच्या विपरीत उत्तर पडताच ढोलकीवर थाप बसते. हशा उसळला की पुढचे वाक्य त्यात बुडू द्यावयाचे नाही, आणि पूर्ण शांतता होईपर्यंतही थांबावयाचे नाही. लाट ओसरू लागली की शब्द टाकावयाचा. हे गणित पुस्तकातून येत नाही, जाणत्या सोंगाड्याजवळ उभे राहूनच अंगी बाणते.

शास्त्राचा कौलही याच बाजूचा आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ, म्हणजे स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसविणे, असे भेद केले, आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना निरीक्षणांत असे आढळले की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो चारचौघांत हसतो. कनातीच्या आत खांद्याला खांदा लावून बसलेला गाव हसतो तेव्हा शेजाऱ्याचे हसणेच आपल्या हसण्याचे निम्मे कारण असते, आणि म्हणूनच ज्या कोपऱ्यातून पहिला हशा येतो त्या कोपऱ्याकडे सोंगाड्या आधी वळतो.

पुण्या-मुंबईत हाती माइक घेऊन एकटे उभे राहणारे तरुण आज नेमके हेच हुनर मोठ्या जिद्दीने शिकत आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. वग नाही, सोबत मावशी नाही, ढोलकी नाही. पाचदहा मिनिटांत सारा मामला निभवावयाचा, हे सोपे नव्हे. परंतु पुण्याहून दोन तासांच्या वाटेवर असलेल्या नारायणगावात या विद्येची जुनी तालीम अद्याप चालू असताना तिकडे कोणी फिरकत नाही, याची खंत वाटते.

इकडे आपण त्या तालमीचा वेळच कापीत आणला आहे. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आली, आणि पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा खेळ आखडला; आखडताना कात्री गाण्यांना लागली नाही, ती गवळण, बतावणी आणि वगाला लागली. झोपेचा, आजाऱ्यांचा आणि अभ्यास करणाऱ्या मुलांचा विचार करता तो नियम मोडावा असे मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होतात, आणि सकाळी ६ नंतर त्या नियमाची आडकाठी नसते. रात्रीचे दोन तास गाण्यांना द्यावयाचे असतील तर खुशाल द्यावेत. हजेरीचा पहिला तास मात्र सोंगाड्याचा असावा, तो करारनाम्यात लेखी असावा, आणि त्याची बिदागी वेगळी ठरावी. ज्या गावाला ऐपत आहे त्याने तो तास ध्वनिमुद्रित करून एक प्रत फडाला व एक गावच्या वाचनालयाला द्यावी. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळे या परिसरातील कमिट्यांनी येत्या पाडव्याला राहुटीत बसताना एवढी मागणी केली तर फडमालक ती नाकारतील असे मला वाटत नाही. चांगला सोंगाड्या टिकवून धरणे त्यांनाही हवेच आहे, फक्त त्याची किंमत मोजणारे गिऱ्हाईक त्यांना भेटलेले नाही.